पेट्रोलची नळी: कधी बदलायची, कशी बदलायची



तत्त्वज्ञानाच्या माणसाने मोटारसायकलच्या पेट्रोलच्या नळीवर बोलायचं, हे पत्रिकेत वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. आम्हाला त्यात काही विचित्र वाटत नाही. आमचा सगळा जन्म एकाच प्रश्नाभोवती गेला आहे: एखादी गोष्ट आपल्याला माहीत आहे, असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? आणि गाडी रोज सकाळी जिन्याखालून बाहेर काढताना आपण सगळे एक विधान मनातल्या मनात करतच असतो, की गाडी ठीक आहे, काही गळत नाही. हे विधान खरं आहे हे आपल्याला कशावरून कळलं? बहुतेक वेळा उत्तर असतं, कशावरूनच नाही. काल काही झालं नाही म्हणून आज होणार नाही, एवढाच आधार.

आणि हे विधान साधं नाही. टाकीत दहा-बारा लिटर पेट्रोल, खाली दीड-दोनशे अंशांपर्यंत तापणारं इंजिन, त्यापेक्षाही गरम सायलेन्सर, बाजूला ठिणगी पाडणारी वायरिंग. या सगळ्याच्या मधोमध काय असतं? करंगळीएवढ्या जाडीची रबरी नळी आणि दोन तारेच्या क्लिपा. संपूर्ण गाडीतला हा सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक. म्हणून आज आपण तीन गोष्टी बघू. ही नळी का जाते, ती गेली हे कसं ओळखायचं, आणि ती बदलायची कशी.

नळीच्या दोन जाती

आधी आपली गाडी कोणत्या पद्धतीची आहे ते ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पहिली पद्धत कार्ब्युरेटरची. जुनी बुलेट, आरएक्स १००, जुनी स्प्लेंडर, या सगळ्या त्यातल्या. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. नळीत दाब जवळपास नसतोच. इथे गळती झाली तर थेंब थेंब होते.

दुसरी पद्धत इंजेक्शनची. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकली इंजेक्शनच्या आल्या. टाकीच्या आत विजेचा पंप असतो आणि तो पेट्रोल साधारण तीन बार दाबाने इंजेक्टरकडे ढकलतो. तीन बार म्हणजे किती? आपल्या मोटारसायकलच्या टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. इथे नळीला बारीक भोक पडलं तर थेंब पडत नाही, फवारा उडतो. फवारा म्हणजे पेट्रोलचे सूक्ष्म कण हवेत मिसळलेले, म्हणजे पेटायला अगदी तयार.

कार्ब्युरेटरच्या गाडीत नळी निपलवर चढवून क्लिप लावलेली असते. इंजेक्शनच्या गाडीत बहुधा नळीच्या टोकांना प्लास्टिकचे कनेक्टर असतात. आत एक किंवा दोन ओ-रिंग, आणि निपलच्या उंचवट्याला अडकणारी खाच. दाबलं की 'टक्' असा आवाज येतो आणि तो बसतो. परदेशी मोठ्या मोटारसायकलींवर टाकी पटकन उतरवता यावी म्हणून आत झडप असलेले कनेक्टरही असतात. प्लास्टिकचे असे कनेक्टर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होतात आणि तडकतात, म्हणून बरेच मालक ते काढून धातूचे बसवून घेतात.

रबर का जातं

रबर म्हटलं की एकच वस्तू डोळ्यांपुढे येते, पण रबरं अनेक आहेत. झाडाच्या चिकापासूनचं नैसर्गिक रबर पेट्रोलमध्ये ठेवलं तर ते फुगतं आणि मऊ पडतं. ते इथे चालत नाही. १९३० च्या दशकात जर्मनीत नायट्राइल रबर तयार झालं. ते तेल आणि पेट्रोल सोसतं, म्हणून इंधनाच्या नळ्या, सील, ओ-रिंग त्याच्या होऊ लागल्या. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीने व्हायटॉन नावाने फ्लोरिनयुक्त रबर बाजारात आणलं. ते उष्णता आणि रसायनं दोन्ही त्याहून चांगली सोसतं, पण महाग असतं.

नायट्राइलची नळी तीन शत्रूंमुळे जाते. पहिला शत्रू उष्णता. इंजिनच्या शेजारी वर्षानुवर्षं राहून रबर कडक होतं. दुसरा शत्रू हवेतला ओझोन. जिथे नळी ताणलेली असते, म्हणजे निपलवर चढलेल्या टोकाशी आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला, तिथे तो बारीक भेगा पाडतो. तिसरा शत्रू खुद्द इंधन. रबर मऊ राहावं म्हणून त्यात काही तेलकट द्रव्यं घातलेली असतात. इंधन ती हळूहळू धुऊन नेतं आणि त्यांच्या जागी स्वतः शिरतं. म्हणून इंधनात भिजलेली नळी फुगलेली, मऊ दिसते. पण गाडी दोन-तीन महिने उभी राहिली, नळी कोरडी पडली, की आत शिरलेलं इंधन उडून जातं आणि मूळची द्रव्यं तर आधीच गेलेली असतात. मग नळी आक्रसते, कडक होते, तडकते. सुट्टीवरून परत आलो, कॉक उघडला आणि पेट्रोल गळायला लागलं, ही तक्रार आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. उभ्या गाडीला कोणी हात लावला नव्हता हे खरंच असतं. न वापरणं हेच तिथलं कारण असतं.

आता इथेनॉलबद्दल बोलावं लागेल, कारण हा प्रश्न आज प्रत्येक पेट्रोल पंपावर आहे. २०१४ च्या सुमारास आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल सरासरी दीड टक्का होतं. २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचं पेट्रोल, म्हणजे ई२०, काही निवडक पंपांवर आलं आणि २०२५ मध्ये देशभर सरासरी २० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. या इथेनॉलचा काही वाटा उसातून येतो. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरच्या साखर कारखान्यांशी ज्यांचा संबंध आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या बाजूने पाहिलं तर उसाला एक गिऱ्हाईक मिळालं आणि आयातीच्या तेलावर थोडी बचत झाली. आम्ही इथे त्या धोरणाचा निवाडा करत नाही. आपला विषय नळी आहे.

नळीच्या बाजूने पाहिलं तर इथेनॉलचे दोन स्वभाव लक्षात ठेवायचे. एक, काही रबरांत आणि प्लास्टिकांत ते शुद्ध पेट्रोलपेक्षा जास्त शिरतं. साधं नायट्राइल त्यात अधिक फुगतं. दोन, ते हवेतलं पाणी शोषतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतं, तिथे पत्रा गंजतो आणि गंजाचे कण कॉकमधून, नळीतून पुढे येतात. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग ई२० ला टिकतील असे बनवणं अपेक्षित आहे. त्याआधीच्या गाड्यांचं काय? काही जुन्या गाड्यांमध्ये वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात, असं २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाच्याच स्पष्टीकरणात म्हटलेलं आहे. म्हणजे घाबरण्याचं कारण नाही, पण दुर्लक्ष करण्याचंही नाही. जुनी गाडी असेल तर नळ्या बदलणं हे आता तुमच्या यादीत असलं पाहिजे.

गळत नाही, हे कसं कळतं?

आता आमच्या विषयाकडे येऊ. न्यायशास्त्रात अनुमानाचं प्रसिद्ध उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हा नियम, म्हणजे व्याप्ती, आपण स्वयंपाकघरात पाहिलेली असते. पेट्रोलचा वास हा आपला धूर आहे. पण घाई करू नका. वास आला म्हणजे नळीच गळते, असं म्हणता येत नाही. टाकी काठोकाठ भरली असेल, झाकणाचं रबर गेलं असेल, कार्ब्युरेटरचा फ्लोट अडकून जादा पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडत असेल, तरी वास येतोच. वासावरून पेट्रोल बाहेर येतंय एवढंच सिद्ध होतं. कुठून येतंय, ते नाही.

ते शोधायला नैयायिकांनीच दुसरं साधन दिलं आहे: अन्वय आणि व्यतिरेक. हे असेल तर ते असतं, हे नसेल तर ते नसतं, असं दोन्हीकडून तपासायचं. कॉक बंद करा. गळती थांबली? मग दोष कॉकच्या पुढे आहे, नळीत किंवा कार्ब्युरेटरमध्ये. थांबली नाही? मग कॉकचं वायसर, कॉकचं सील किंवा टाकीच. इंजेक्शनच्या गाडीत चावी बंद असताना कोरडं आणि चावी चालू करून पंप दोन सेकंद गुणगुणल्यावर ओलं, म्हणजे दाबाची नळी किंवा तिचा कनेक्टर. चांगला मिस्त्री हेच करतो. त्याने न्यायशास्त्र वाचलेलं नसतं आणि त्याचं त्यावाचून अडतही नाही.

आता त्याहून महत्त्वाचं. 'आम्ही बघितलं, काही गळत नाही' हे वाक्य घ्या. एखादी गोष्ट नाही हे ज्ञान आपल्याला कशाने होतं, यावर भारतीय दर्शनांत मोठा वाद आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाणच मानलं. नैयायिकांनी ते मानलं नाही, पण एका अटीवर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. ती अट अशी: ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती पाहिजे. उजेडात टेबलावर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध झालं नाही.

हीच अट गाडीला लावा. तुम्ही दहा किलोमीटर गाडी चालवून आलात, वाकून बघितलं, इंजिनवर एकही थेंब नाही. म्हणून गळत नाही? पेट्रोल तापलेल्या इंजिनवर पडलं की क्षणात उडून जातं. म्हणजे गळती असती तरी ती दिसली नसती. ही तपासणी अंधारातली आहे. खरी तपासणी थंड इंजिनवर. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, चांगल्या उजेडात. कोरडा पांढरा टिश्यू पेपर घ्या आणि प्रत्येक जोडाभोवती, क्लिपेखाली, कनेक्टरच्या खालच्या बाजूला फिरवा. नळी बोटांनी वाकवा. वाकवताना भेगा उघडतात, एरवी त्या मिटलेल्या असतात. नळी लाकडासारखी कडक लागली, किंवा उलट चिकट आणि फुगलेली लागली, किंवा क्लिपेच्या कडेला गोल भेगा दिसल्या, तर ती बदला. गळायची वाट बघू नका. अनेक जपानी मोटारसायकलींच्या वेळापत्रकांत नळी दिसायला चांगली असली तरी दर चार वर्षांनी बदला, असं छापलेलं असायचं. आपल्या उन्हात ते काही कमी लागू होत नाही.

नळी विकत घेताना

तिसरं प्रमाण शब्द, म्हणजे विश्वासार्ह माणसाचं सांगणं. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट माहीत आहे आणि जशी आहे तशी सांगतो, तो. दुकानदार 'घ्या हो, चालते' म्हणतो तेव्हा विचारा, कशाला चालते?

नळीवरचं छापील हे इथलं शब्दप्रमाण आहे. इंधनाच्या चांगल्या नळीवर आतला व्यास आणि मानक छापलेलं असतं. एसएई जे३० या मानकात आर७ ही कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी असते आणि आर९ इंजेक्शनसाठी, जिच्या आत फ्लोरिनयुक्त रबराचा थर असतो. टाकीच्या आत बुडून राहणाऱ्या नळीसाठी आर१० ही वेगळीच जात आहे. आर९ ची नळी आतून कितीही चांगली असली तरी तिचं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडवण्यासाठी नसतं. ते सुटून त्याचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात.

हार्डवेअरच्या दुकानातली साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी वापरू नका. पेट्रोल दिसतं म्हणून ती छान वाटते. पण इंधन तिच्यातलं मऊ करणारं द्रव्य काढून घेतं आणि काही महिन्यांत ती पिवळी, काडीसारखी होते, मग निपलवरून निसटते. इंधनासाठीच बनवलेल्या पारदर्शक नळ्या वेगळ्या असतात. त्यांच्यावर तसं लिहिलेलं असतं.

व्यास निपलप्रमाणे घ्या. सैल नळी क्लिप आवळून बसवायची आणि लहान नळी गरम पाण्यात ताणून चढवायची, या दोन्ही तडजोडी भेगांना आमंत्रण आहेत. क्लिपाही नव्या घ्या. तारेची किंवा पट्टीची स्प्रिंग क्लिप नळीबरोबर आकसते आणि फुगते, म्हणून कमी दाबाच्या नळीला ती उत्तम. स्क्रूची खाचा असलेली क्लिप बारीक नळीला गोल आवळत नाही आणि तिच्या खाचा रबर कापतात. दाबाच्या नळीला क्लिप लावायचीच असेल, तर कडा गुळगुळीत वळवलेली, इंजेक्शनसाठीची क्लिप घ्या. आणि तुमच्या गाडीला दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली तयार नळी असेल, तर ती अख्खी बदला. मधे कापून जोड देऊ नका.

कामाला बसण्याआधी

पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही ठिणगीने पेटू शकते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ मिसळलेली असली की ती पेटते. ती हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साठते. म्हणून हे काम सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, बंद गॅरेजमध्ये, जिन्याखाली करायचं नाही. उघड्यावर, सावलीत करा. जवळ गॅसची शेगडी, देवापुढचा दिवा, उदबत्ती, विडी-सिगारेट, काही नको. इंजिन पूर्ण थंड हवं. कोरड्या पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा, निदान कोरड्या वाळूची बादली. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतायचं नाही, ते पाण्यावर तरंगतं आणि आग घेऊन पसरतं.

टाकी रिकामी करायची असेल तर तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नका. आपल्याकडे ही सवय सर्रास आहे. घोट चुकून श्वासात गेला तर फुप्फुसाला गंभीर इजा होते. असं कुणाचं झालंच तर उलटी करायला लावायची नाही, थेट डॉक्टरकडे न्यायचं. काढलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. घरात मुलं असतात.

कार्ब्युरेटरच्या गाडीची नळी

आधी बॅटरीची ऋण वायर काढा. कॉक बंद करा. काही गाड्यांच्या कॉकला 'बंद' नसतं. तो इंजिनच्या ओढीवर चालतो आणि चालू, रिझर्व्ह व प्राइम एवढ्याच खुणा असतात. तिथे प्राइमवर ठेवायचं नाही, नाहीतर टाकी रिकामी होत राहील.

खाली एक पत्र्याचा डबा धरा. पकडीने क्लिपेचे कान दाबून ती नळीच्या मधल्या भागाकडे सरकवा. नळी थेट ओढू नका, आधी गोल फिरवून तिची पकड सोडवा. फिरत नसेल तर ब्लेडने निपलच्या लांबीत हलकी चीर द्या आणि सोलून काढा. नळी तशीही फेकायची आहे, निपल मात्र जपायचं आहे. कार्ब्युरेटरचं पितळी निपल नुसतं दाबून बसवलेलं असतं. जोर लावला तर ते हातात येतं आणि वीस-तीस रुपयांचं काम कार्ब्युरेटरवर जातं.

नव्या नळीची लांबी जुन्या नळीवरून मोजा, पण जुनी आक्रसलेली असते हे धरून थोडी जास्त घ्या. धारदार ब्लेडने काटकोनात कापा. करवतीने कापलं तर रबराचा भुसा आत राहतो आणि तो जेटमध्ये जाऊन बसतो. कापल्यावर नळीत फुंकर मारा. आधी दोन्ही क्लिपा नळीवर ओवा. ओवायला विसरलं की सगळं पुन्हा. मग नळी निपलच्या उंचवट्याच्या पलीकडे पूर्ण सरकवा. क्लिप उंचवट्याच्या मागे, आणि नळीच्या अगदी काठावर नाही, दोन-तीन मिलिमीटर आत. मधे फिल्टर असेल तर त्यावरचा बाण कार्ब्युरेटरकडे.

नळीचं वळण मोठं ठेवा. तीव्र वळणावर ती चेपते आणि भर वेगात पेट्रोल कमी पडतं. इंजिनच्या फिनला, सायलेन्सरला किंवा टाकीच्या कडेला ती टेकता कामा नये. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघा, कुठे ओढली जाते का.

कॉक उघडा. पाच मिनिटं काही करू नका, फक्त बघा आणि टिश्यू फिरवा. मग बॅटरी जोडा, इंजिन सुरू करा, पुन्हा बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर तिसऱ्यांदा बघा. ही तिसरी तपासणी लोक टाळतात, आणि सगळ्यात भरवशाची तीच असते.

इंजेक्शनच्या गाडीची नळी

इथे पहिलं काम दाब उतरवण्याचं. इंजिन बंद असलं तरी नळीत दाब राहतो. पंपाचा विजेचा जोड काढा, गाडी सुरू करा आणि नळीतलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडू द्या. पुन्हा दोन-तीन सेकंद स्टार्टर फिरवा. मग चावी बंद, आणि मग बॅटरीची ऋण वायर काढा. हा क्रम उलटा करता येत नाही. वायर आधी काढली तर दाब उतरवायला वीजच उरत नाही. डोळ्यांवर चष्मा लावा. थोडा दाब तरीही उरतो, म्हणून जोडाभोवती सुती कापड गुंडाळा.

कनेक्टरवर धूळ असते. ती आधी पुसून काढा, नाहीतर ती ओ-रिंगवर जाईल. कनेक्टर प्रथम थोडा आत ढकला, म्हणजे खाच मोकळी होते. मग दोन्ही बाजूंची बटणं बोटांनी दाबून सरळ बाहेर ओढा. पकडीने दाबू नका, प्लास्टिकचे कान तुटतात. काही गाड्यांत रंगीत कुलूपपट्टी असते, ती आधी सरकवावी लागते. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ती नव्याने लावायला सांगितली असेल तर नवीच लावा.

निपलवर गंज किंवा ओरखडा आहे का बघा. ओरखडा असेल तर नवी ओ-रिंगही गळणार. बसवताना कनेक्टर सरळ रेषेत ढकला. 'टक्' असा आवाज आला तरी कानावर विसंबू नका, जोरात उलट ओढून बघा. अर्धवट बसलेला कनेक्टर रिकाम्या नळीत नीट दिसतो आणि तीन बारला सुटतो.

मग पंपाचा जोड आणि बॅटरी जोडा. चावी चालू करा, इंजिन नको. पंप दोन-तीन सेकंद चालून थांबेल. चावी बंद. असं तीन-चार वेळा करा आणि प्रत्येक वेळी टिश्यू फिरवा. कोरडं असेल तरच इंजिन सुरू करा.

कापडं पेट्रोलने भिजलेली असतात. ती डब्यात कोंबू नका. उघड्यावर पसरून सुकू द्या.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, भेग फक्त टोकाला असेल तर तेवढं कापून पुन्हा बसवलं तर?

उत्तर: रस्त्यात अडकला असाल आणि नळीला तेवढी लांबी असेल, तर जवळच्या गॅरेजपर्यंत जायला कार्ब्युरेटरच्या गाडीत हे चालेल. पण टोक ज्या वयाचं, बाकीची नळीही त्याच वयाची. आज टोकाला दिसलं ते उद्या मधे दिसेल. आणि इंजेक्शनच्या गाडीत हे अजिबात नाही.

प्रश्न: एम-सील किंवा टेप लावून चालत नाही का?

उत्तर: नाही. हलणाऱ्या नळीवर कडक लेप टिकत नाही, आणि टेपचा गोंद पेट्रोलने विरघळतो. शिवाय टेपमुळे गळती दिसायची बंद होते. आता आपण बोललो ना, न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. टेप नेमकी ती गल्लत करून देते.

प्रश्न: आमचा मिस्त्री वीस वर्षं हे काम करतोय. तो म्हणतो, ई२० ने काही होत नाही.

उत्तर: त्याच्या हाताचा आम्हाला आदर आहे. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ मध्ये 'द कॉन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात करता येणं आणि माहीत असणं हे दोन वेगळे प्रकार आहेत, असं मांडलं. नळी कशी चढवायची यात तुमचा मिस्त्री आप्त आहे, आम्ही नाही. पण त्याचा वीस वर्षांचा अनुभव बहुतांशी कमी इथेनॉलच्या पेट्रोलचा आहे. व्याप्ती ज्या परिस्थितीत पाहिली ती परिस्थितीच बदलली, तर ती पुन्हा तपासावी लागते. त्याला एवढंच विचारा, 'गेल्या दोन वर्षांत किती कडक झालेल्या नळ्या काढल्यास?' तो प्रामाणिक असेल तर विचार करून उत्तर देईल.

प्रश्न: हे आम्ही घरी करावं की गॅरेजमध्ये?

उत्तर: कार्ब्युरेटरची नळी सावकाश काम करणाऱ्या कुणालाही जमते. इंजेक्शनची नळी, टाकी उतरवावी लागत असेल, जागा बंदिस्त असेल, तर गॅरेजमध्येच द्या. पण तिथे उभं राहून दोन गोष्टी करा. नवी नळी बसवण्याआधी तिच्यावरचं छापलेलं वाचा. आणि गाडी ताब्यात घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी टिश्यूची तपासणी स्वतः करा. काम दुसऱ्यावर सोपवता येतं, पण गाडी आपल्याच जिन्याखाली उभी राहते. वर आपलीच माणसं झोपलेली असतात.

वेळ संपली आहे. उद्या सकाळी चावी लावण्याआधी पाच मिनिटं काढा आणि आपल्या गाडीची नळी बोटांनी वाकवून बघा.